फुललाय म्हणजे खूश आहे?

"बघ, बघ, कसला फुललाय!"

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. हपिसात, मित्रांच्या घरी, दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघताना, कुठेही ऐकलं तरी. चित्र ठरलेलं असतं. टेबलावर काचेचा गोल बाऊल, तळाशी निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकचं एक झुडूप आणि मधोमध एकटा फायटर मासा. कल्ल्यांची झाकणं छत्रीसारखी उघडलेली, सगळे पर ताणलेले, शेपटीचा पंखा झालेला. समोर दोन-चार जण मोबाइल काढून उभे. कुणीतरी काचेवर बोट नाचवतंय. कुणीतरी म्हणतं, "पोज देतोय बघ!"

मंडळी, आज मला भांडायचंय. तो पोज देत नाहीये. त्याला समोरच्या काचेत दुसरा नर दिसतोय. आपल्या हद्दीत घुसलेला, आपल्याएवढाच मोठा, आपल्याएवढाच चिडलेला आणि काही केल्या मागे न हटणारा. ह्याने झाकणं उघडली की तोही उघडतो. हा पुढे सरकला की तोही सरकतो. हा शत्रू आपण तयार केलेला असतो, एक काच आणि एक एलईडीची पट्टी वापरून. आणि वर त्यालाच आपण दिवाणखान्याची शोभा म्हणतो.

पंचतंत्रातली सिंह आणि सशाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. विहिरीत स्वतःचीच छबी बघून सिंह उडी मारतो आणि गोष्ट संपते. त्यातल्या सशाला निदान स्वतःचा जीव वाचवायचा होता. आपल्याला काय, रील करायची असते.

आणखी जवळचं उदाहरण देतो. लहानपणी आमच्या बेसिनवरच्या आरशावर एक चिमणी रोज चोच आपटत बसायची. आम्ही पोरं हसायचो. आजी मात्र येऊन आरशावर पंचा टाकायची. "दमेल ती," एवढंच म्हणायची. प्राण्यांच्या वर्तनशास्त्राचं एक पान तिने वाचलेलं नव्हतं, पण निदान बरोबर होतं आणि उपायही बरोबर होता. फायटरच्या बाबतीत पंचा टाकणारं कुणी नसतं. उलट लोक मुद्दाम आरसा धरतात!

ज्यांनी हा मासा फक्त टेबलावर पाहिलाय त्यांच्यासाठी थोडी ओळख. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स, १९१० मध्ये रेगन ह्या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने दिलेलं. मूळ मुक्काम थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातल्या उथळ, गवताळ पाणथळ जागा आणि भातखाचरं. थाई भाषेत त्याला 'प्ला कट' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. वरच्या हवेतून थेट श्वास घेता येईल असं एक जादा इंद्रिय त्याच्या डोक्यात असतं. आणि हेच त्याचं दुर्दैव, कारण एवढ्याशा शिळ्या पाण्यातही तो लगेच मरत नाही. मरत नाही म्हणून दुकानदार सांगतो, "साहेब, ह्याला काही लागत नाही, बाऊल चालतो."

त्या भातखाचरात दोन नर समोरासमोर आले की काय होतं? आधी प्रदर्शन. झाकणं उघडायची, पर ताणायचे, अंगाचा रंग गडद करायचा. आपण किती मोठे आहोत ते दाखवायचं. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. ज्याला आपलं काही चालणार नाही असं वाटतं तो गवतात सटकतो. म्हणजे हे प्रदर्शन मुळात भांडण लवकर संपावं म्हणून असतं. दोघांतला एक निघून जाणार हे त्यात गृहीत आहे. काचेतला मात्र जात नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लूपमधून बाहेर पडायची कंडिशनच कधी खरी होत नाही.

थायलंडमध्ये ह्यांना झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या वाढवलं गेलं. तिथले जुने पैदासकार ओळीने बाटल्यांत नर ठेवतात आणि दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवतात. का? कारण एकमेकांना सतत बघत राहिले तर हे मासे दमतात, हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणजे ज्यांचा धंदाच झुंजीचा, तेसुद्धा माशाला उगाच झुंजवत ठेवत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांतही बरण्यांमध्ये पुठ्ठा असतोच, नीट बघा. गिऱ्हाईक आलं की दुकानदार तो पुठ्ठा उचलतो, दोन्ही मासे फुलतात, गिऱ्हाईक म्हणतं "वा!" आणि सौदा होतो. मासा पिशवीत येतो. पुठ्ठा दुकानातच राहतो.

आता ह्यावर मला हमखास ऐकवले जाणारे दोन युक्तिवाद.

पहिला : "अरे, त्याला आवडतं ते. व्यायाम होतो." हा नुसता गप्पांमधला युक्तिवाद नाही, त्याला प्रयोगाचा आधार देता येतो. १९६३ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात थॉम्पसन ह्या संशोधकाचं काम आलं होतं. फायटरने एक ठरलेली क्रिया केली की बक्षीस म्हणून त्याला काही क्षण स्वतःची प्रतिमा दिसायची. मासे ती क्रिया पुन्हापुन्हा करायला लागले. खाऊ नाही, काही नाही, फक्त आरसा! झालं, ह्यावरून लोक अनुमान काढतात की मासा स्वतःहून आरसा मागतो, म्हणजे त्याला मजा येते.

मंडळी, आपण सॉफ्टवेअरवाले. निदान आपण तरी ह्या युक्तिवादाला फसू नये. एखादा युजर रात्री दोन वाजता पंचाहत्तरावी रील बघतोय, म्हणून तो सुखी आहे असं फक्त डॅशबोर्ड म्हणतं. आपल्या धंद्यात त्याला एंगेजमेंट म्हणतात आणि त्यावर प्रमोशन मिळतं. तो युजर दुसऱ्या दिवशी स्टँडअपला सुजलेल्या डोळ्यांनी येतो, ते कुठल्याच ग्राफमध्ये दिसत नाही. एखादी गोष्ट प्राणी पुन्हापुन्हा करतो ह्याचा अर्थ ती गोष्ट त्याला खेचते, इतकाच. घुसखोर दिसला तर त्याच्यावर धावून जावंसं वाटणं ही फायटरची घडणच आहे. ज्या नराला तसं वाटलं नाही, त्याची हद्द गेली आणि पिल्लंही गेली. त्या ओढीला 'आवड' म्हणायचं असेल तर रात्री दोनच्या ईमेलला उत्तर द्यायचीही आपल्याला आवडच आहे म्हणायची.

आणि हे फुलणं फुकट होत नाही. २००६ मध्ये कास्त्रो आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं, आणि प्रदर्शन करताना ह्या माशाचा ऑक्सिजनचा खप वाढतो असं त्यांना दिसलं. शिवाय झाकणं फाकवून धरली की कल्ल्यांवरून पाण्याचा प्रवाह नीट जात नाही. म्हणजे गरज वाढलेली असताना पुरवठा रोखून धरायचा. रानात हे काही वेळापुरतं परवडतं. बाऊलमध्ये संध्याकाळी सातपासून रात्री बारापर्यंत?

जाता जाता आणखी एका प्रयोगाबद्दल सांगतो, कारण तो मला फार बोलका वाटतो. मासा वेगळा आहे, टिलापिया. आपल्या बाजारात चिलापी म्हणून मिळतो तोच. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आरशातल्या प्रतिमेशी भांडणारा चिलापी खऱ्या भांडणासारखाच आवेशात भांडतो, पण खऱ्या भांडणानंतर वाढणारं नर-हार्मोन त्याच्या शरीरात वाढत नाही. कारण निकालच लागत नाही. जिंकलो नाही, हरलोही नाही. नुसती मेहनत. फायटरच्या शरीरात अगदी तंतोतंत हेच घडतं असा दावा मी करत नाही. पण 'व्यायाम होतो' म्हणणाऱ्यांनी त्या चिलापीची एकदा आठवण काढावी.

दुसरा युक्तिवाद : "होते सवय त्याला." हो, होते. १९६८ मध्ये क्लेटन आणि हाइंड ह्यांनी फायटरला सतत आरशासमोर ठेवून हेच तपासलं होतं. काही दिवसांत आवेश ओसरत जातो. पण त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच पुढचा शब्द आहे, 'रिकव्हरी'. मध्ये खंड पडला की आवेश परत येतो. आता तुमच्या घरातल्या टाकीचा विचार करा. आरसा तिथे चोवीस तास नसतो. दिवसभर काच पारदर्शक, मासा निवांत. संध्याकाळी टाकीतला दिवा लागला की काचेतला नर हजर. रात्री दिवा बंद, नर गायब. दुसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणजे सवय मोडून भांडण रोज नव्याने सुरू होईल अशी सोय आपणच करून ठेवलेली आहे. ह्याहून वाईट वेळापत्रक ठरवून आखायचं म्हटलं तरी जमणार नाही.

इथे प्रश्न पडायला हवा की दिवसा नसलेला आरसा रात्री येतो कुठून. थोडं भौतिकशास्त्र बोलू, कंटाळू नका, दहावीच्या पुढचं काही नाही. (ज्यांनी प्रकाशाचा धडा ऑप्शनला टाकला होता त्यांनी आत्ता भरपाई करावी. :) )

रात्रीच्या एसटीने प्रवास केलाय ना? दिवसा खिडकीतून शेतं दिसतात. रात्री आतले दिवे लागले की त्याच खिडकीत स्वतःचं पेंगुळलेलं तोंड दिसतं. काच तीच, परावर्तन तेवढंच, फक्त उजेडाचा हिशोब बदलला. ड्रायव्हर आपल्या डोक्यावरचा दिवा बंद ठेवतो तो ह्याचसाठी, नाहीतर त्याला समोरच्या काचेत रस्त्याऐवजी कंडक्टर दिसेल.

टाकीत हेच होतं. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे सरळ आलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के मागे फिरतो. पाणी आणि काच जिथे भेटतात तिथे अर्धा टक्काही फिरत नाही. म्हणजे माशाला दिसणारी प्रतिमा मुख्यतः काचेच्या बाहेरच्या, कोरड्या अंगावरून येते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आता समजा टाकीतला मासा १०० एकक उजेडाने झळकतोय. त्याची प्रतिमा झाली ४ एकक. खोलीत भरपूर उजेड आहे आणि काचेतून आत येणारा प्रकाश ५० एकक आहे, तर पन्नासापुढे चार कुणाला दिसतात? पण खोलीतला दिवा घालवून तुम्ही टीव्ही लावलात आणि बाहेरून येणारा प्रकाश १ एककावर आला, की एकापुढे चार म्हणजे झकास आरसा. टाकीचा दिवा जितका प्रखर आणि खोली जितकी काळोखी, तितका शत्रू ठसठशीत.

आणि आपण नेमकं तेच करतो. 'मूड लायटिंग' हवं असतं. हपिसात तर कहर. नऊ वाजता मजल्यावरचे दिवे आपोआप बंद होतात, आणि एका डेस्कवर यूएसबीवर चालणारी निळी पट्टी रात्रभर जळत राहते. सकाळी मालक येऊन म्हणतो, "आज जरा मरगळलेला दिसतोय." अरे बाबा, तो नाइट शिफ्ट करून बसलाय!

तिरक्या नजरेचा भागही सांगायला हवा. पाण्यातून काचेकडे साधारण ४९ अंशांपेक्षा तिरकं बघितलं की पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, म्हणजे काच शंभर टक्के आरसा होते. ह्यावर खोलीतल्या दिव्याचा काही उपाय चालत नाही. पण सुदैवाने त्या तिरक्या आरशात माशाला स्वतः दिसत नाही, बाजूची झाडं नि दगड दिसतात. स्वतःला बघायला सपाट काचेकडे सरळच बघावं लागतं, आणि तिथे ४ टक्क्यांचा हिशोब लागू होतो. म्हणूनच उजेडाची नुसती अदलाबदल इतकी गुणकारी ठरते.

हे सगळं सपाट काचेचं झालं. गोल बाऊलची गंमत (गंमत कसली!) अशी की त्याच्या मध्यावर असलेल्या माशासाठी चहूबाजूची काच म्हणजे समोरची काचच. कुठेही तोंड केलं तरी नजर काचेवर सरळ पडते. चौकोनी टाकीत पाठ फिरवायला, झाडामागे जायला जागा असते. बाऊलमध्ये पाठ फिरवली की तिकडेही तोच. इटलीत मोंझा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल बाऊलमध्ये मासे ठेवायला बंदी केली, तेव्हा जगभर त्याचे विनोद झाले होते. मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

असो. उपायांकडे येतो, कारण नुसतं ओरडून उपयोग नाही, आणि ह्या बाबतीत उपाय इतके स्वस्त आहेत की न करायला सबब नाही.

पहिला उपाय फुकट आहे. टाकीचा दिवा खोलीतल्या दिव्याच्या आधी लावायचा नाही आणि खोलीतल्या दिव्यानंतर चालू ठेवायचा नाही. बस. दहा रुपयेही लागत नाहीत. दिवा दिवसातून सात-आठ तास पुरे, आणि तेवढाही प्रखर नको. एलईडीची पट्टी झाकणात पुढच्या बाजूला बसवलेली असेल तर मागे सरकवा. पुढून उजेड पडला की काचेकडे तोंड केलेल्या माशाचा चेहरा उजळतो आणि प्रतिमाही उजळते. सिनेमावाल्यांना विचारा, चेहरा उजळ हवा असेल तर दिवा कुठे लावतात.

दुसरा, मागची आणि बाजूची काच. इथे लोक हमखास एक गोष्ट करतात : बाहेरून काळा चार्टपेपर चिकटवतात. दिसायला छान, माशाचा रंग उठून दिसतो. पण वरचा हिशोब आठवा. प्रतिमा काचेच्या बाहेरच्या अंगावरून येते, आणि कागद व काच ह्यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला की ते अंग जसंच्या तसं कामावर हजर! वर कागद काळा, म्हणजे पलीकडून येणारा प्रकाश शून्य. परावर्तन थांबवायला निघालात आणि कायमची रात्र करून बसलात. त्यापेक्षा फिकट रंगाचा, चकचकीत नसलेला, जरा नक्षी-बिक्षी असलेला कागद लावा. टाकीतलाच उजेड त्याच्यावर पडून परत येतो आणि त्यात प्रतिमा बुडते. काळंच हवं असा हट्ट असेल तर रिकाम्या टाकीला बाहेरून ब्रशने काळा ऑइलपेंट मारा. रंग काचेला थेट चिकटतो, मध्ये हवा राहत नाही, आणि ते ४ टक्के जवळजवळ गायब होतात. काळा कागद आणि काळा रंग, आपल्या डोळ्यांना सारखेच, माशाच्या डोळ्यांना मात्र एक आरसा आणि एक भिंत. मला हे कोडं सुटलं तेव्हा एखादा जुना बग सापडल्यासारखा आनंद झाला होता.

तिसरा उपाय आळशी लोकांसाठी, म्हणजे माझ्यासाठी. मागच्या आणि बाजूच्या काचांवरचं शेवाळ घासू नका. फक्त पुढची काच पुसा. हिरवट खरखरीत थरातून काय डोंबलाचा आरसा दिसणार? पाहुणे नाक मुरडतील. मुरडू द्या.

चौथा, झाडं. प्लॅस्टिकची टोकदार नकोत, त्याने पर फाटतात. जावा फर्न, अनुबियास असली कमी उजेडात जगणारी झाडं बाजूच्या काचांलगत आणि कोपऱ्यांत दाट लावा. कोपऱ्यात तर दोन काचा मिळून आणखी एक प्रतिमा तयार करतात, त्यामुळे कोपरे आधी भरा. वर थोडी तरंगणारी झाडं सोडली की उजेडही मंद होतो आणि पाणी त्याच्या मूळ मुलखासारखं दिसायला लागतं. शिवाय नजरेची सरळ रेषा तुटते. समोरचा दिसलाच तर ह्याला सटकायला जागा असते. रानातल्या भांडणाचा शेवट असाच तर होतो.

आणि देशी बदामाची पानं! शाळेच्या पटांगणात, सोसायटीच्या गेटपाशी ज्याची लाल-तांबडी पानं पडतात ते झाड. वाळून तपकिरी झालेलं पान स्वच्छ धुवायचं, गरम पाण्यात बुडवून काढायचं आणि टाकीत सोडायचं. पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो आणि उजेड मऊ होतो. हीच पानं ऑनलाइन दहा-दहाच्या पाकिटात विकत मिळतात आणि लोक घेतात, ह्यावर एक स्वतंत्र लेख होईल. फक्त औषध फवारलेल्या बागेतली किंवा रहदारीच्या रस्त्यावरची उचलू नका.

आता एक सावधगिरी. फायटर काचेलगत वेड्यासारखा वर-खाली फिरतोय म्हणजे कारण प्रतिमाच असेल असं नाही. पाण्यात अमोनिया साठलेला असू शकतो, पाणी गार असू शकतं (त्याला २५ ते २७ अंश लागतं, हपिसातल्या एसीत ते कुठून येणार), टाकी नवीन असू शकते किंवा नुसतीच लहान असू शकते. तेव्हा डीबगिंगचा आपला नियम : एका वेळी एकच गोष्ट बदला. खोलीचा दिवा लावा, टाकीचा बंद करा, आणि काहीच न करता पंधरा मिनिटं लांबून बघा. झाकणं मिटली, तो काच सोडून टाकीत हिंडायला लागला, तर दोषी सापडला. काहीच फरक नाही पडला तर पाणी तपासा. अंगावर आडवे फिके पट्टे दिसत असतील, रंग उतरला असेल, अन्न सोडलं असेल किंवा स्वतःचीच शेपटी कुरतडत असेल, तर प्रकरण बरंच पुढे गेलंय. मग थातुरमातुर नको, २० एक लिटरची चौकोनी टाकी आणा, फिल्टर आणि हीटर लावा. दुकानदार हसेल. "एवढ्याशा माशाला एवढी टाकी?" त्याला हसू द्या, त्याला रोज नवा मासा विकायचाय.

मुद्दाम आरसा दाखवण्याबद्दल. काही अनुभवी लोक म्हणतात, दिवसातून पाच मिनिटं आरसा दाखवावा, पर ताणले जातात, पोटही साफ राहतं. मी दाखवत नाही. पण जे दाखवतात त्यांच्याशी मी फार वाद घालणार नाही, कारण पाच मिनिटांनी ते आरसा काढून घेतात. माझं भांडण आहे ते न काढता येणाऱ्या आरशाशी, आणि त्याच्यासमोर उभं राहून टाळ्या पिटणाऱ्यांशी.

"मग बघायचं काय?" हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय. फुलणार नसेल तर फायटर पाळायचा कशाला, साधी गप्पी पाळावी. म्हणजे पिंजऱ्यातल्या वाघाने डरकाळी फोडली नाही तर तिकिटाचे पैसे परत मागणारी ही जात.

सांगतो काय बघायचं. भांडणातून मोकळा झालेला फायटर टाकीतलं प्रत्येक पान तपासत फिरतो. गोगलगाय दिसली तर थबकतो, एक डोळा तिरका करून बघतो, विचार करतो आणि सोडून देतो. डासाची अळी टाकलीत तर अंगाचा धनुष्यासारखा बाक करून, नेम धरून झडप घालतो. दमला की अनुबियासच्या पानावर चक्क आडवा होतो, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. जेवणाची वेळ त्याला कळते आणि वेळेवर तुम्ही आला नाहीत तर पुढच्या काचेशी येऊन उभा राहतो. झाकणं मिटलेली, पर सैल. ती पोज म्हणा हवं तर.

आणि मग एखाद्या सकाळी तरंगत्या पानाखाली बुडबुड्यांचा फेस दिसतो. नर पिल्लांसाठी घरटं बांधतो, तोंडातून एकेक बुडबुडा सोडून, मादी घरात असो वा नसो. ह्यालाही लोक लगेच 'खूश झाला' म्हणतात. तेही खरं नाही, ती पण त्याची घडणच आहे, वैतागलेले नरही घरटी बांधतात. पण बघायला अप्रतिम असतं आणि त्यासाठी कुणाला चिडवावं लागत नाही. पाणी बदलताना तेवढा तो फेस मोडू नका, मग कडेने हळूच ओता. फिल्टरचा प्रवाह जोरात असेल तर त्याच्या तोंडाशी स्पंजचा तुकडा बसवा, नाहीतर बिचारा रोज बांधणार आणि रोज वाहून जाणार.